मुठ्याच्या लग्नाची सीडी

“म्हातारं माणूस कापू नगंस. फुडच्या लग्नाला असंल-नसंल,” असं म्हणत आमचे मामा माझ्या हातातून माउस काढून घ्यायचे. पौडच्या एका स्टुडिओत लग्नांच्या शूटिंगचं एडिटिंग ते करायचे; नात्यातले नव्हेत, तिथे सगळेच त्यांना मामा म्हणायचे. मी तिथेच नवा लागलेला, लातूरकडून आलेला, पुण्यात कोर्स केलेला, म्हणजे डोक्यात हवा गेलेला.

तुम्हीही लग्नाची सीडी बघताना पुढे पळवत असाल. मामा पळवायचे नाहीत. टॉवेल-टोपीचा मान घेणारा एकूण एक पाहुणा ठेवायचे. कुणी राहिला तर अख्खी भावकी दुकानात येऊन बसायची. मला ते सगळं रटाळ वाटायचं.

त्यांचा एडिटिंगचा प्रोग्राम जुना, मी नवा आणला. मालक म्हणाले, रोजची कटकट नको. मुठा गावातलं एक लग्न आहे, ते दोघंही करा. ज्याचं आधी आणि चांगलं होईल, तोच प्रोग्राम ठेवू. मामांना दुसरा प्रोग्राम येत नव्हता. हरले तर ते घरी बसणार, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

दोघांनी आपापलं जुळवलं आणि सकाळी एकदमच दोन्ही कॉम्प्युटर सीडीची फाईल काढायला लावले. फाईल लवकर निघावी म्हणून मी गुपचूप क्वालिटी कमी करून ठेवली होती. माझी फाईल जेवणाआधी तयार, मामांची चार वाजता.

दुकानातल्या छोट्या टीव्हीवर मालकांना फरक दिसला नाही. मामांना दिसला. नवरीची आजी जरा हलली की तिच्या तोंडाचे चौकोन होत होते. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग मालकांना म्हणाले, “पोराचं बेस हाय.”

जाताना त्यांनी मला जिन्यात थांबवलं. “क्वालिटी वाढवून परत काढ. शर्यत आपली हुती, लगीन त्यांचं हाय.”

मी मान हलवली. काढलं मात्र नाही. परत लावलं असतं तर वेळ लागला असता, आणि मालकांना सगळं कळलं असतं. तीच सीडी मुठ्याला गेली. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

दोन वर्षांनी बावधनच्या एका मंगल कार्यालयात मामा दिसले. दुसऱ्याच कॅमेरावाल्याच्या मागे लाईट धरून उभे होते. मला बघून हसले, घरच्यांची चौकशी केली. मग हळूच म्हणाले, “ती मुठ्याची सीडी काढलीस न्हवं परत?”

“हो मामा, दुसऱ्याच दिवशी.”

“लई बरं केलंस,” ते म्हणाले आणि लाईट उचलून आत गेले. त्यानंतर ते मला कधी भेटले नाहीत.