पाणी पाजू नका

माहेरी म्हणायचे, या पोरीच्या जिभेला हाड नाही. आणि अँब्युलन्सवर काम करायच्या प्रशिक्षणात मी दोनदा नापास झाले ती कशात? तर आवाजात! पुतळ्याची छाती दाबणं, ऑक्सिजन लावणं, मोडलेल्या पायाला फळी बांधणं, सगळं यायचं. पण परीक्षेत एक प्रसंग असायचा. माणूस बेशुद्ध पडलाय, नातेवाईक पाण्याचा तांब्या घेऊन धावत येतो, आणि आपण खणखणीत ओरडून त्याला थांबवायचं. तांब्या दिसला की माझी दातखीळ बसायची.

"ताई, घसा बसलाय का?" परीक्षक विचारायचे. मेल्याला काय सांगणार होते मी?

माझा नवरा पपईच्या बागेत भर उन्हात कोसळला होता. चौघांनी उचलून ओट्यावर आणला. सासूबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि तांब्या तोंडाला लावला. आमच्या ब्राह्मणपुरी गावात पडलेल्या माणसाला आधी पाणीच पाजतात. न पाजणारा तो वैरी. नवऱ्याच्या घशात घुरघुर झाली, ओठ काळेनिळे पडले. गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं.

बेशुद्ध माणसाला पाजलेलं पाणी फुप्फुसात जातं, हे मला पुढे शहाद्याच्या वर्गात कळलं. शिक्षक फळ्यावर चित्र काढत होते आणि मी उठून बाहेर गेले, नळाखाली तोंड धरलं. घरी कुठल्या तोंडाने सांगू? "शेवटलं पानी तरी मन्हा हातनं पिना," एवढ्या एका आधारावर सासूबाई जगत होत्या.

तिसरी परीक्षा शेवटची. तीही गेली की दिराच्या घरात जन्मभर भाकरी थापत बसायचं, दुसरं काय! जीव नुसता तडफडत होता.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी अंगणात उशीवर सराव करत होते. सासूबाई बघत होत्या. परीक्षेत पाणी घेऊन येणाऱ्या नातेवाईकावर मला ओरडता येत नाही, एवढं त्यांना माहीत होतं; का ओरडायचं, ते नव्हतं. त्या उठल्या आणि तांब्या भरून घेऊन आल्या.

"मी नातेवाईक. मी पानी पाजस, तू मन्हावर आरड."

"नको आत्याबाई. तुम्ही बसा बरं."

"काबर नको? अशी भित्री ऱ्हायनी तं कसं व्हई?" त्या उशीवर वाकल्या, तांब्या कलता केला. अगदी तशाच. माझ्या डोळ्यांपुढे तो ओटा आला.

"पाणी पाजू नका! जीव जाईल त्याचा!"

सासूबाईंचा हात तिथेच थांबला. मग हळूच म्हणाल्या, "बेशुद्ध माणूसले पानी पाजं तं जीव जास?"

मी तांब्या काढून घ्यायला हात पुढे केला, त्यांनी तो सोडला नाही.

"मंग मन्हा पोऱ्याले मीच..."

"नही आत्याबाई!" मी अशी किंचाळले की शेजारीण बाहेर आली. "तुम्ही पानी पाजाना पयलेच जीव गयथा! मी सोता दखं, पयलेच गयथा!"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. तांब्या खाली ठेवला, ओला हात माझ्या डोक्यावरून फिरवला.

"परीक्षामा असाच आवाज काढजो," म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी पास झाले. माझं बोलणं त्यांना पटलं होतं का, हे विचारायची छाती मला अजून झालेली नाही.