बोरकुटे भाऊंची उघडी बाजू

बोरकुटे भाऊ हरायला बसत. माणूस जेवायला बसतो तसे. खुर्ची ओढून, बाह्या दुमडून, चष्मा पुसून. समोरच्याला मात्र ते शेवटपर्यंत कळत नसे.

रायपुरात दर हिवाळ्यात खेळांचं एक कन्व्हेन्शन भरतं. मोठ्या हॉलमध्ये पत्त्यांचे, पटांचे, कॉम्प्युटरचे खेळ, आणि एका कोपऱ्यात युद्धाची टेबलं. बोटाच्या पेराएवढे सैनिक, हाताने रंगवलेले, दोन बाजूंनी दोन पलटणी. टेपने मोजून पुढे सरकायचं, फासे टाकून कोण पडलं ते ठरवायचं. त्या कोपऱ्यात माझ्या दुकानाचा स्टॉल असे आणि स्टॉलपुढच्या टेबलावर भाऊ नव्या माणसांना डेमो देत. डेमो म्हणजे अर्ध्या तासाचा पहिला डाव, खेळ कळावा म्हणून.

पूर्वी मी सदर बाजारच्या तोंडाशी खेळण्यांचा ठेला लावत असे. आज तात्यापाऱ्यात माझं दुकान आहे. हे मला कोणी दिलेलं नाही, भांडून घेतलेलं आहे. माझ्या तोंडाला गल्लीतले व्यापारी अजूनही दबकून असतात. त्या दुकानात एका एजंटाने या सैनिकांचे डबे माझ्या गळ्यात मारले होते आणि ते धूळ खात पडले होते. रेल्वेच्या नकाशे काढण्याच्या खात्यातले बोरकुटे भाऊ बारीक ब्रश घ्यायला आले, डब्यांपाशी थांबले आणि म्हणाले, "हे असं ठेवून विकत नाही ताई. हे खेळवा लागते."

मग त्यांनीच टेबल बनवलं. त्यावर किल्ले नव्हते. धानाची शेतं होती, भुशाचे बांध होते, कौलारू घरं होती आणि मधोमध एक तरिया, म्हणजे आपल्याकडचं तळं, काठावर पिंपळासकट. इंग्रजी डब्यातले परदेशी शिपाई त्या बांधांवरून चालताना पाहून रायपूरची माणसं हसत हसत जवळ येत. एकदा जवळ आली की भाऊ त्यांना सोडत नसत.

त्यांची रीत ठरलेली होती. पाहुण्याला चांगली पलटण द्यायची. स्वतःची एक बाजू उघडी ठेवायची, पण भलतीकडेच बघत राहायचं, जणू सगळी काळजी तिकडचीच आहे. आणि वाट पाहायची. पाहुण्याची नजर फिरत फिरत त्या उघड्या बाजूवर येई, तो थबके, टेप उचले. त्या क्षणी भाऊ कान खाजवत. तेवढं एकच त्यांना लपवता येत नसे.

मी एकदा त्यांना म्हटलं, तुमचा आणि माझा धंदा एकच. गिऱ्हाइकाला वाटलं पाहिजे की भाव त्यानेच पाडला. भाऊंना ते आवडलं नाही. म्हणाले, "तुम्ही हरल्यासारखं दाखवता, ताई. मी खरंच हरतो. फरक हाये."

आमची भांडणं याच्यावरूनच. भनपुरीचा एक ट्रकवाला एकदा जिंकला आणि इतका फुलला की तिथल्या तिथे दोन डबे मागू लागला. मी पिशवी उघडली होती. भाऊ त्याला म्हणाले, आज नका घेऊ, घरी जाऊन झोपा, सकाळी खेळ आठवला तर या. स्टॉलच्या मागे नेऊन मी त्यांना जे बोलायचं ते बोलले. ते म्हणाले, "जिंकल्यावर माणूस काहीबी घेते. तो खेळ नाही घेऊन राहिला, जिंकणं घेऊन राहिला." ट्रकवाला परत आला नाही. ते दोन डबे मला अजून दिसतात. पण जे दुसऱ्या दिवशी परत येत, ते वर्षानुवर्षं येत राहत, हेही मी पाहिलेलं आहे आणि त्यांच्यासमोर कधी कबूल केलेलं नाही.

"मग तुम्ही जिंकणार कधी?" असं मी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "जिंकाले घरी हाये ना जागा."

घरी ते कोणाशीच खेळत नव्हते. हे मला त्यांच्या बायकोकडून, वहिनींकडून कळलं, आणि तेव्हाच दुसरंही कळलं. भाऊ गॅस पेटवून विसरू लागले होते. भाजी घ्यायला गेलेले भाऊ ओळखीच्याच वळणावर उभे सापडले होते. डॉक्टरांनी सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, असलेलं जमेल तितकं टिकवायचं. मी दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं, मग तिसऱ्या. प्रत्येकाशी मी वाद घातला. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांचा भाव एकच निघाला.

वहिनी म्हणाल्या, "त्यायले बाकी काही नाही पाहिजे. टेबल कधी लागते, एवढंच विचारून राहिले."

त्या वर्षी कन्व्हेन्शनवाल्यांनी तो कोपरा बाहेरच्या एका कंपनीला द्यायचं ठरवलं होतं. पडदा लावून व्हिडिओवर खेळ शिकवणार होते. आयोजक मुलगा माझ्याशी आदराने बोलत होता, दीदी दीदी करत होता, पण हलत नव्हता. मी त्याला सांगितलं, भाऊंचं टेबल नसेल तर माझा स्टॉल नाही आणि सदर बाजारातल्या आणखी चार जणांचाही नाही. दोन दिवस त्याचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी टेबल मिळालं. असा सौदा मी पूर्वी केला नव्हता, आणि तो जिंकल्याचा मला फार आनंद झाला होता.

भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आले. टेबल पाहताच त्यांचा चेहरा जागेवर आला. शेतं लावली, पिंपळ लावला, पलटणी उभ्या केल्या, एकही चूक नाही. वहिनी जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बाजूला बसल्या. पहिली पाहुणी कॉलेजची एक मुलगी होती. नियम त्यांनी असे समजावले की मलाच नवे वाटले. मी वहिनींकडे पाहून हसले.

मग डाव सुरू झाला आणि मी उघड्या बाजूची वाट पाहू लागले. ती उघडली नाही. भाऊ बांधाआडून आले, तळ्याच्या दोन्ही काठांनी आले. मुलीला कुठे पाय ठेवायला जागा राहिली नाही. तिचा सेनापती पडला तेव्हा भाऊंनी टाळी वाजवली. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"अंकल, मुझे तो कुछ करने ही नहीं दिया," मुलगी म्हणाली. हसत म्हणाली, पण लगेच उठली.

मी वाकून हळूच म्हटलं, भाऊ, डेमो आहे. ते म्हणाले हो, हो, डेमो. पुढच्या पाहुण्यालाही त्यांनी तसंच कापून काढलं. त्याच्या पुढच्या जोडप्यालाही. नियम सगळे शाबूत होते, हात शाबूत होते, फक्त हरायचं असतं एवढंच गेलं होतं.

दुपारी आयोजक मुलगा आला. "दीदी, लोग उखड़ के जा रहे हैं. अब रहने दो ना." तो बरोबर होता. हेच मला सहन झालं नाही. मी त्याच्यावर चढले, आवाज चढवला, आजूबाजूचे बघू लागले, आणि बोलता बोलता लक्षात आलं की माझ्याकडे मुद्दाच नाही. त्याला शिव्या देऊन काय? आजाराला भाव विचारायची सोय नाही. तो चादर घेऊन आला होता, टेबल झाकायला.

मी चादर त्याच्या हातातून घेतली आणि खुर्ची ओढून भाऊंच्या समोर बसले. त्याला म्हटलं, संध्याकाळपर्यंत इथे दुसरं कोणी बसणार नाही, मी बसते. तो गेला.

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "पहिल्यांदाच खेळून राहिल्या काय?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी नियम सांगितले, पहिल्यापासून. ते मला तोंडपाठ होते. मी मनात ठरवलं होतं की जिंकायचं. एकदा तेच हरू लागले तर हात कान खाजवायला जाईल, काहीतरी आठवेल, असं काहीसं. म्हणून मी जीव तोडून खेळले. बाजारात शिकलेली सगळी लबाडी लावली. काही उपयोग झाला नाही. माझी प्रत्येक चाल त्यांना आधीच दिसत होती. तेव्हा मला कळलं की हा माणूस खेळतो किती, आणि इतकी वर्षं एवढं सगळं झाकून समोरच्याची वाट पाहत बसत होता. हे त्यांना सांगावं असं फार वाटलं. पण कोणाला सांगणार?

माझा शेवटचा सैनिक त्यांनी दोन बोटांत उचलून माझ्या बाजूला अलगद आडवा ठेवला.

"वाईट नका वाटून घेऊ ताई. पहिलाच डाव हाये तुमचा. अजून एक खेळता काय?"

वहिनी खाली डब्याकडे पाहत होत्या. मी माझी पलटण पुन्हा उभी केली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.