तासाला चौतीस वेळा
फतेगंजच्या सिग्नलला शाळेची व्हॅन हळूच पुढे सरकली आणि समोरच्या रिक्षाला टेकली. संयोगिताचा पाय ब्रेकवरून कधी सुटला, तिलाच कळलं नाही. मागे अकरा मुलं होती.

"बेन, ऊंघ आवी गई?" झोप लागली का, म्हणून रिक्षावाला गुजरातीत खेकसला.

"पाय घसरला," ती म्हणाली. खोटं होतं. तिला चक्क डुलकी लागली होती, तीही आठ तास झोपून उठल्यावर.

नऊ वर्षं ती व्हॅन चालवत होती. गेल्या वर्षभरात मात्र सकाळी डोकं जड व्हायचं, दिवसभर डोळे मिटायचे. दवाखान्यात रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. "घोरतेस म्हणजे झोप छान लागते," सासूबाई इंदिराबाई म्हणायच्या. बाईमाणूस घोरतं, हे डॉक्टरांना सांगायची तिलाच लाज वाटली होती.

मुलांना शाळेत सोडून तिने किल्ली दुसऱ्या व्हॅनवाल्याच्या, दत्ताजीरावांच्या हातात दिली. "दुपारी माझी मुलं तुम्हीच आणा. मला गाडीत झोप लागली."

घरी हे ऐकून तिच्या नवऱ्याचा, धैर्यशीलचा चेहरा उतरला. "झोपेत तुझा श्वास मध्येच थांबतो गं. मग दचकतेस. मला वाटायचं, स्वप्न पडत असेल."

छातीच्या डॉक्टरांना त्याने विचारलं, "पण हे जाड्या माणसांना होतं ना? हिचं वजन एकोणपन्नास किलो."

डॉक्टरांनी तिचा घसा पाहिला. "बारीक माणसांनाही होतं, बायकांनाही. यांचा जबडा लहान, मागे आहे; त्याने झोपेत श्वासाची वाट अडू शकते. पण नुसतं बघून ठरवता येत नाही, तपासणी करू. तोवर गाडी बंद."

नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला चिमटा लावून ती एक रात्र घरीच झोपली. मग चार दिवस रिपोर्टची वाट. काही निघालं नाही, तर लोक कामचुकार म्हणतील. निघालं, तर व्हॅन जाईल.

तासाला चौतीस वेळा श्वास अडत होता.

श्वासाची वाट उघडी ठेवायला हवा सोडणाऱ्या मशीनचा मास्क नाकावर लावून झोपणं पहिला आठवडा असह्य झालं. रोज ती तो ओढून काढायची. हळूहळू जमलं. पालकांना तिने स्वतःच सगळं कळवलं. त्यांतल्या दोन आयांनी आपापलं मूल काढून घेतलं.

सात आठवड्यांनी मशीनमधली नोंद पाहून डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी दिली. पहिल्या दिवशी व्हॅनमध्ये नऊ मुलं होती. त्या दोन आयांवर तिचा राग नव्हता. त्यांच्या जागी तिनेही हेच केलं असतं.