घरी कोण कोण असतं?

माझ्या मावसबहिणीला घरात सगळे तपासनीस म्हणतात, कारण तिचं कामच ते. संगणकाचा प्रोग्राम लोकांच्या हातात जाण्याआधी तो कुठे कोलमडतो हे ती शोधून काढते. वयाच्या रकान्यात उणे तीन टाकायचं, नावाच्या जागी नुसते आकडे टाकायचे, एकच बटण पिसाळल्यासारखं दाबत सुटायचं. एवढा छळ सोसून प्रोग्राम टिकला तर तो पास. मला विचाराल तर हा पोरखेळ आहे, पण वीस वर्षं तिने तो इमानाने केला.

मग मावशीने अंथरूण धरलं. घरात या दोघीच. तपासनीसने नोकरी सोडली आणि दोन वर्षं आईचं सगळं केलं. मावशी गेली, भेटायला आलेली माणसं आपापल्या घरी परतली आणि त्या दोन खोल्यांत ही एकटी उरली. मी चार गल्ल्या पलीकडे राहते, शिवणकाम करते. रविवारी दुकान बंद असलं की काहीतरी हातातलं काम घेऊन तिच्याकडे जाऊन बसते.

घर चालवायचं तर नोकरी हवी होती. ती जाहिराती मोठ्याने वाचायची आणि मी ऐकायचे.

"हे बघ. नवखा उमेदवार पाहिजे, आठ वर्षांच्या अनुभवासह."

"म्हणजे पाळण्यात असतानाच कामाला लागलेला?"

"पुढे ऐक. तपासणी आली पाहिजे, प्रोग्राम लिहिता आला पाहिजे, चित्रं काढता आली पाहिजेत, ग्राहकांशी गोड बोलता आलं पाहिजे. आणि अमुक एका साधनावर बारा वर्षं काम केलेलं असावं."

"मग तू केलंयस ना?"

"अगं, ते साधन निघूनच पाच वर्षं झालीत!"

मी म्हटलं, एका पगारात अख्खी चाळ कामाला ठेवायचा बेत दिसतोय यांचा. ती हसली. तरी अर्ज मात्र तिने सगळीकडे केले.

मग फोन सुरू झाले. भरतीवाल्यांचे. ती फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवायची, आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"मॅडम, मॅरीड?"

"नाही."

"नाही म्हणजे, झालं नाही की केलं नाही?"

मी सुई गादीत खुपसली. कामाशी याचा काय संबंध? शिवायला कापड आणणाऱ्या बाईला मी असं विचारलं तर ती कापड उचलून चालती होईल. पण तपासनीस शांतपणे उत्तर देत होती.

"आता या वयात करायचा विचार आहे का? सुट्ट्या लागतात ना, म्हणून विचारतोय."

"नाही."

"आणि ही दोन वर्षांची गॅप?"

"आई आजारी होती."

"आता बऱ्या आहेत?"

"गेली."

"ओके," तो म्हणाला. पाठीमागे की-बोर्डवर टकटक झाली. "म्हणजे आता जबाबदारी नाही. गुड. घरी कोण कोण असतं?"

"मीच असते," ती म्हणाली. आणि मग न विचारता पुढे सांगत गेली. की आधी आई असायची, खिडकीशी तिची खुर्ची होती. की आता सकाळी ही लवकर उठते, पण उठून करायचं काय ते सुचत नाही. की डावा गुडघा जिना चढताना दुखतो. त्याला बहुतेक हो की नाही एवढंच हवं होतं. "नोटेड, मॅडम," म्हणत त्याने फोन आवरता घेतला.

"तू त्याला गुडघ्याचं कशाला सांगत बसलीस?" मी कडाडले. "नोकरी देणार नाही तो!"

"असू दे गं," ती म्हणाली आणि फोन पदराने पुसून ठेवला.

पण नोकरी लागली. दुसऱ्याच एका कंपनीत, घरून करायची. माझा जीव भांड्यात पडला. वाटलं, चला, गाडी रुळावर आली. पण कामाचं स्वरूप असं की चुका सापडल्या की लिहून टाकायच्या आणि पलीकडून "दुरुस्त" एवढं उत्तर यायचं. मीटिंगला सगळ्यांचे कॅमेरे बंद. तिला तिथे कोणी काही विचारत नव्हतं.

तीन महिन्यांनी मी तिच्याकडे पडद्याला अस्तर लावत बसले होते. रविवार नव्हता, पण दुकानातलं मशीन बिघडलं होतं. तेवढ्यात तिला कंपनीतून अचानक व्हिडिओ मीटिंगचा निरोप आला. ती लॅपटॉपसमोर बसली. मी कोपऱ्यात, कॅमेऱ्यात येणार नाही अशी. स्क्रीनवर एचआरवाली बाई दिसली. चाळिशीची असेल, डोळ्यांखाली काळी वर्तुळं.

"तुमचं प्रोफाइल नोकरीच्या साइटवर परत सुरू झालंय," ती बाई म्हणाली. "'नोकरीच्या शोधात' असं लिहिलंय. तुम्ही सोडून चाललाय का? तसं असेल तर आम्हाला आजच तुमच्या जागी माणूस शोधायला घ्यावा लागेल."

एवढ्या खस्ता खाऊन मिळालेली नोकरी हिने स्वतःच्या हाताने घालवली की काय! चुकून बटण दाबलं गेलं, साइट तपासून बघत होते, असं काहीही सांगता आलं असतं. तिच्या धंद्यात ते खपलंही असतं. मी खुणा करत होते. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही.

"नाही, सोडायची नाहीये," ती म्हणाली.

"मग प्रोफाइल का सुरू केलंत?"

"फोन येतात. ते लोक विचारतात, घरी कोण आहे, रात्रपाळी झेपेल का, तब्येत कशी आहे. दुसरं कोणी विचारत नाही."

मला रडू फुटलं. मी पडदा तोंडाशी धरला.

एचआरवाल्या बाईने समोरची यादी वर-खाली करून पाहिली. मग म्हणाली, "माझ्याकडे कारणांचे ठरलेले पर्याय आहेत. त्यात हे नाही. मी 'वैयक्तिक' टाकते. तुम्ही ते प्रोफाइल बंद करा. नोकरीला धक्का लागणार नाही."

"करते."

"बरं. माझे प्रश्न झाले." आणि सवयीने तिने पुढचं वाक्य म्हटलं, "तुम्हाला काही विचारायचंय?"

"हो," तपासनीस म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

मी वाकून घड्याळ पाहिलं. दुपारचे साडेचार होऊन गेले होते. त्या बाईने आधी मागे वळून खोलीत कोणी आहे का ते बघितलं. मग खूप हळू म्हणाली, "नाही अजून."

ठरलेली वेळ संपून मीटिंग आपोआप बंद होईपर्यंत त्या दोघी तशाच एकमेकींसमोर बसून राहिल्या.