दामलेकाकांचा बटाटा

दामलेकाका गेल्याचा मेसेज इथल्या, परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आला, तेव्हा मी पुंगोलच्या एलआरटी ट्रेनमध्ये उभी होते. पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग लागली. मीही एक टाकला... आणि माझी मलाच शरम वाटली.

काका बोटीवरचे इंजिनियर. उमेदीची बरीच वर्षं रॉटरडॅमला काढलेली, निवृत्तीनंतर इथे पासिर रिसला मुलाकडे. डच शब्द सोलून बघायचा त्यांना भारी नाद. मंडळाच्या दिवाळी अंकाची मी संपादक, म्हणून एकदा हॉकर सेंटरमध्ये, इथल्या खाऊगल्लीत, त्यांनी हाताने लिहिलेली सोळा पानं माझ्यापुढे ठेवली. विषय एकच शब्द : आर्दापल. म्हणजे बटाटा.

"आर्द म्हणजे जमीन, आपल म्हणजे सफरचंद," कॉफी विसरून काका सांगत होते. "पण पूर्वी कुठल्याही गोल फळाला आपल म्हणत. आणि गंमत ऐक, हा शब्द तिकडे बटाट्याच्या आधीपासून होता! जमिनीलगतच्या दुसऱ्याच फळांना, कंदांना म्हणत. बटाटा समुद्रापलीकडून मागाहून आला आणि त्या नावात राहायला लागला. आपला भुईमूग बघ, तसाच जोडलेला."

"वा काका, छापूया की!" म्हटलं मी. मनात मात्र, कोण वाचणार हे?

ऐन वेळी जाहिराती वाढल्या, पानं कमी पडली. मी लेखाच्या चार ओळी केल्या आणि पाककृतींच्या पानावर, बटाटेवड्याच्या कृतीखाली चौकटीत टाकल्या. काकांचं नावसुद्धा राहून गेलं. फोन करून सांगायला हवं होतं, पण काय तोंडाने सांगणार? टाळलं झालं.

प्रकाशनाला काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून, सून-नातवाला घेऊन आले. अंक शेवटपर्यंत चाळला, मग पुन्हा पहिल्यापासून. "व्हेअर, आजोबा? कांट फाइंड लाह," नातू सारखा विचारत होता. अखेर काकांनी वड्याच्या पानावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "चौकट छान बसलीय गं." टोमणा असता तर परवडला असता. तो टोमणा नव्हता.

काका गेल्यावर परवा मी त्यांच्या घरी भेटायला गेले, तर त्यांचा मुलगा निखिल म्हणाला, "ताई, बाबांनी एकच प्रत लिहिली होती. पोराला वाचून दाखवीन म्हणतोय. तुमच्याकडे असेल ना?"

"शोधते," म्हणाले मी.

निखिल, शोधण्यासारखं काही नाही रे. अंक निघाल्यावर टेबल आवरताना ती पानं मी रद्दीत टाकली. तुझ्यासमोर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहून सांगतेय. त्या चार ओळी पहिल्या पानावरच्या होत्या... उरलेली पंधरा मी उलटूनही पाहिली नव्हती.