मास्तरांचं पथ्य

मास्तरांनी साखर सोडल्याची बातमी कारखान्यात अकराच्या चहाला फुटली आणि साडेअकरापर्यंत त्यांना तीन आजार, एक गुरू आणि एक प्रेमप्रकरण चिकटलं होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, कोट शिवणाऱ्या कारखान्यातले कटिंग मास्तर. लांबलचक टेबलावर कापडाचे वीस-वीस थर अंथरून घ्यायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि उभ्या पात्याच्या मशीनने सगळे थर एकदम कापत जायचं, हे त्यांचं एकतीस वर्षांचं काम. शिवणाऱ्याचं चुकलं तर उसवता येतं. कापणाऱ्याचं चुकलं की वीस कोट गेले, आणि उसवायला काही उरत नाही. त्यामुळे मास्तर बोलायचेसुद्धा मोजूनमापून, आणि बोललेलं पाळायचे.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या डोळ्यांत दिवा टाकून पाहिलं, तेव्हा त्यांचं वय होतं चौपन्न आणि रक्तातली साखर पार हाताबाहेर गेलेली. बाई म्हणाल्या, "डोळ्यांच्या मागच्या पडद्यावर बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागल्यात. गोळ्या देते, पण गोळ्या एकट्या काय करणार? साखर बंद. पाव, भात, बटाटा, पीठ घातलेलं काहीही शक्यतो नको. अंडी खा, मासे खा, पालेभाजी, दही, काकडी. डोळे हवेत ना?"

डोळे हवेच होते. डोळ्यांशिवाय कटिंग मास्तर म्हणजे नुसता टेबलाला टेकलेला माणूस. बाई 'शक्यतो' म्हणाल्या होत्या, पण मास्तरांच्या धंद्यात शक्यतो नसतं. रेषेवर कापायचं म्हणजे रेषेवरच. त्यांनी त्या दिवसापासून चहात साखर घेतली नाही आणि डब्यात पाव नेला नाही.

झालं! लोकांना जणू त्यांच्या घरचंच काही चोरीला गेलं. आपल्याकडे माणसाने दारू प्यावी, कर्ज काढावं, बायकोला मारावं, लोक म्हणतात ज्याचं त्याला. पण भात सोडला की सगळा गाव सल्ला द्यायला उठतो. इस्त्रीवाला म्हणाला, "मास्तर, ही श्रीमंतांची थेरं. आपल्या बापजाद्यांनी भात खाऊनच शंभरी गाठली." त्याचा बाप एकोणपन्नासाव्या वर्षी गेला होता, पण ते कोण काढणार! बटणांसाठी काजं करणाऱ्या बाई, ज्यांना सगळे काजवाली म्हणत, त्या वीस वर्षं मास्तरांशेजारी बसून डबा खात आलेल्या. त्या रुसल्याच. "माझ्या डब्यातला घास चालेनासा झाला का आता?" असं म्हणून त्यांनी पाठ फिरवून जेवायला सुरुवात केली. मोठी ऑर्डर गेली की मालक केक आणत. एकदा त्यांनी स्वतःच्या हाताने तुकडा मास्तरांच्या तोंडाशी धरला. मास्तरांनी तोंड मिटलं. सगळे टेबलाभोवती उभे.

"अहो, एका तुकड्याने कोणी मरत नाही," मालक म्हणाले.

जगात आजवर जितकी माणसं मेली, त्यांतली निम्मी तरी हे वाक्य ऐकून मेली असतील असं मला वाटतं. मास्तर एवढंच म्हणाले, "तुम्ही खा ना." मालकांचा हात तसाच वर राहिला. त्यानंतर दोन आठवडे ते मास्तरांशी कामापुरतंच बोलले.

'ऐकावे जनाचे, करावे मनाचे' असं म्हणायला सोपं आहे. रोज दुपारी एकट्याने काकडी चावताना तसं वागणं सोपं नसतं. मास्तरांना भुकेचा त्रास झाला नाही तेवढा त्या एकटेपणाचा झाला. पण तीन महिन्यांनी रक्त तपासलं तेव्हा साखर निम्म्यावर आली होती. डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. "असा पेशंट मला मिळत नाही हो," म्हणाल्या. मास्तर त्या दिवशी चालत घरी आले, आणि हा त्यांच्या आयुष्यातल्या शेवटच्या सुखाच्या दिवसांपैकी एक होता.

घरी ताई होती. मास्तरांची थोरली बहीण, साठीची. दोन खोल्या, दोघं भावंडं. लग्न दोघांनीही केलं नाही. आईवडील एकाच वर्षी गेले तेव्हा ताई बारा वर्षांची, मास्तर सहाचे आणि त्यांच्या पाठची बारकी तीनची. त्या वर्षी घरात खायला काही नव्हतं. ताई शेजारच्या घरांतून भाताची पेज मागून आणायची आणि दोघांना वाटून द्यायची. बारकीचे आधी गाल बसले, मग हाताच्या काड्या झाल्या, मग ती रडायची थांबली आणि एके सकाळी उठलीच नाही. राहिलेल्या एकाला ताईने जगवलं. कसं जगवलं ते तिने कधी सांगितलं नाही आणि मास्तरांनी विचारलं नाही.

आता या ताईच्या डोळ्यांदेखत मास्तर वाळत चालले. पोट गेलं त्याचं कोणाला काही नव्हतं, पण गालही बसले. बाजारात भाजीवाली म्हणाली, "ताई, भावाला जेवायला घालता की नाही?" खालच्या मजल्यावरची म्हणाली, "काहीतरी मोठं दुखणं असणार, लपवताहेत तुमच्यापासून." उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलणारीचं काय जातं? ताई वर आली आणि भावाच्या गालांकडे बघत बसली.

"एवढासा तरी पाव खा रे," ती म्हणायची.

"डॉक्टर नको म्हणाल्यात ना, ताई."

"डॉक्टरणीने तुला वाढवलाय की मी?"

मास्तर हसून काकडी उचलायचे. ताई उठून आतल्या खोलीत जायची, आणि जायची ती रडायला.

आता जे सांगतो ते मास्तरांना आठ महिन्यांनी कळलं, तुम्ही आत्ताच ऐका. एके सकाळी ताईने पावाचे तुकडे तव्यावर कडक भाजले, खलबत्त्यात कुटून त्यांची पूड केली आणि अंडी फेटताना दोन मुठी आत टाकल्या. अंड्याची पोळी चांगली जाडजूड झाली. मास्तर म्हणाले, "आज छान झालीय गं." तेवढं तिला पुरलं. मग सूपात तांदळाचं पीठ, माशाच्या कालवणात उकडून घोटलेला बटाटा, पालेभाजीला पिठाचं दाट आळण. तिच्या हाताला चव होती. संशय यायचं कारणच नव्हतं. आणि आला असता तरी मास्तरांनी तो ताईवर घेतला नसता.

मास्तर भरले. गाल वर आले. कारखान्यात इस्त्रीवाला म्हणाला, "आता कसे माणसात आलात!" काजवालीचा रुसवाही थोडा कमी झाला. मात्र पुढच्या तपासणीला साखर पुन्हा वर गेलेली. डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा पाहिला.

"मास्तर, बाहेर काही खाता का?"

"नाही."

"एखादा केक, एखादं बिस्कीट?"

"बाई, मी रेषेबाहेर कापत नाही."

त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं की त्यांचा विश्वास बसलेला नाही. एकतीस वर्षांत ज्या माणसाला कोणी खोटारडा म्हटलं नव्हतं, त्याला आता न बोलताच कोणीतरी तसं म्हटलं. मास्तरांना ते फार लागलं. मग माणूस काय करतो? आणखी कमी खातो. त्यांनी दूध सोडलं, फळ सोडलं, रात्रीचं जेवण निम्मं केलं. ताईने पाहिलं की ताटात कमी जातंय, म्हणून तिने पूड दोन मुठींवरून तीन मुठींवर नेली. भाऊ तिकडून कापत होता, बहीण इकडून जोडत होती, आणि दोघंही जीव तोडून एकाच माणसासाठी करत होती. गोळ्या वाढवल्या, मग इंजेक्शन सुरू झालं. साखर काही हटेना.

एके दिवशी मास्तर टेबलावरच्या करड्या कापडावरून काळा दोरा झटकत होते. दोरा जाईना. त्यांनी थर लावणाऱ्यांना झापलं, "कापड झाडून अंथरा, किती दोरे राहिलेत!" थर लावणाऱ्यांनी कापडाकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं. कापडावर एकही दोरा नव्हता. दुसऱ्या दिवशी दोऱ्यांचा गुंता झाला आणि मास्तर दिवसभर ब्रश घेऊन ते कापड घासत राहिले. काजवाली हळूच जवळ आली. म्हणाली, "मास्तर, समोरच्या भिंतीकडे बघा. तिथे पण दोरा दिसतो का?" मास्तरांनी पाहिलं. पांढऱ्या भिंतीवरही तो होता, आणि डोळा फिरवला की तोही फिरत होता.

तेव्हाच सुट्टी घ्यायला हवी होती. पण ऑर्डर अर्धी टेबलावर होती आणि दुसऱ्याच्या हातात पातं द्यायची त्यांना सवय नव्हती. कोटाच्या आखणीत दोन रेषा असतात. आतली शिवणीची आणि बाहेरची कापायची. मधल्या बोटभर कापडाला शिंपी माया म्हणतात. ती ठेवली नाही तर शिवायला काही उरत नाही. मास्तरांनी त्या दिवशी आतल्या रेषेवर पातं घातलं आणि शेवटपर्यंत नेलं. वीसच्या वीस थर. मशीन बंद झाल्यावर मास्तरांनी स्वतःच कापलेला तुकडा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला आणि खाली ठेवला.

डाव्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. इस्पितळात काय काय केलं, तरी डावा गेला तो गेलाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उजवा अजून वाचवता येईल, पण साखर उतरली तरच. मास्तर, आता तरी खरं सांगा."

"खरंच सांगतोय," मास्तर म्हणाले. त्यांना स्वतःलाही आता आपला भरवसा वाटेनासा झाला होता. झोपेत उठून खात असेन का, असं त्यांनी एकदा काजवालीला विचारलं.

मालक वाईट नव्हते. त्यांनी मास्तरांना बटणांवर बसवलं. डब्यातली बटणं आकाराप्रमाणे वेगळी करायची, बसून, पंख्याखाली. मास्तरांच्या टेबलाशी आता दुसरा कापणारा उभा होता. पातं चालू झाल्याचा आवाज आला तशी मास्तरांनी बटणांचा डबा खाली ठेवला आणि ते दुपारीच घरी निघाले. "तरी आम्ही सांगत होतो, नको ते उपास," मागून इस्त्रीवाला म्हणाला. दारातून बाहेर पडेपर्यंत ते ऐकू येत होतं.

ताईला ते त्या वेळी येतील असं वाटलं नव्हतं. ती जमिनीवर बसून खलबत्त्यात काहीतरी कुटत होती.

"काय कुटतेस?"

ताई दचकली, मग हसली. आठ महिने पोटात ठेवलेली गोष्ट सांगायला मिळाली की माणूस हसतं, तशी.

"पाव. तुझ्या अंड्यात घालते. सूपात तांदळाचं पीठ असतं. तुला कधी कळलं नाही ना? अरे, नाहीतर तू केव्हाच गेला असतास. काकडीवर कोणी सावरतं का!"

मास्तर भिंतीला धरून खाली बसले. असा राग त्यांना जन्मात आला नव्हता. शब्द तोंडाशी आले होते. ताईने त्यांचा चेहरा पाहिला आणि तिचा हात थांबला.

"असा का बघतोस? साखर नाही घातली हं मी कधी. तुझी शपथ, चिमूटभरही नाही. डॉक्टरणीने साखर बंद सांगितली तेव्हापासून घरात साखर आणलीच नाही मी. पावात कुठे साखर असते?" मग एकदम बारीक आवाजात, "डोळ्याला त्याने तर काही झालं नाही ना रे?"

उजव्या डोळ्याने मास्तरांना ती दिसत होती. बारकीचं नाव तिने चाळीसेक वर्षं घेतलं नव्हतं, आणि एक दिवसही ती बारकीला विसरली नव्हती. तिच्या लेखी आयुष्यात तिने एकच काम धड केलं होतं, आणि ते काम आता समोर भिंतीला टेकून बसलं होतं.

"नाही, ताई," मास्तर म्हणाले. "डोळा वयाने गेला. या धंद्यात जातातच."

"नक्की?"

"नक्की. पण उद्यापासून नको घालूस."

"का? काही झालं नाही म्हणतोस ना, मग का?"

मास्तरांनी खलबत्त्याकडे पाहिलं. उत्तर एकच होतं. ते दिलं असतं तर ताई दुसऱ्या दिवशीपासून पाव घालायची थांबली असती, आणि बहुधा जगायचीही.

"बघ, तुलाच सांगता येत नाही," ताई म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला होता. "डोळ्याचं व्हायचं ते झालं. आता लपवाछपवीही नको." तिने उठून मोठं ताट घेतलं, पातेल्यातला भात त्यात भरपूर वाढला आणि ते त्यांच्या पुढ्यात ठेवलं. मास्तर जेवले. ती समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"अजून वाढू?" तिने विचारलं.

"वाढ," मास्तर म्हणाले.