आईच्या नोव्हेनातली माझी ओळ

आमच्या घरात दोन प्रकारचे कागद होते. पलंगाखाली बाबांची पत्रकं, बायबलाशेजारी आईची प्रार्थनेची पुस्तकं. बाबा कारखान्याच्या युनियनचे. मी वाचायला शिकले ते ‘कामगार बंधूंनो’पासून. बाबा गेल्यावर आईने एकही पत्रक रद्दीत दिलं नाही. वाचलंही नाही.

पुढे मी बाबांचंच काम धरलं. आम्ही कांजूरमार्गला राहतो. वारा फिरला की कचऱ्याच्या डंपिंगचा वास घरात शिरतो, जेवताना ताटापर्यंत येतो. मी त्यावर पत्रकं लिहिते. गेल्या दोन वर्षांत आईची फुफ्फुसं निकामी होत गेली. कशाने, ते डॉक्टर ठामपणे सांगेनात. मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

या वर्षी गुड फ्रायडेला आईने दैवी दयेचा नोव्हेना सुरू केला. नऊ दिवस, दुपारी तीनला, म्हणजे ख्रिस्ताने प्राण सोडला त्या वेळेला. मोबाइलवर तिचा गजर लावलेला असायचा. ही प्रार्थना रोझरीच्या मण्यांवर करतात आणि खरं तर ती दोघांची असते. एकाने म्हणायचं, ‘त्याच्या दुःखसहनासाठी’. दुसऱ्याने उत्तर द्यायचं, ‘आमच्यावर आणि अखिल जगावर दया कर’. असं पन्नास वेळा. एरवी आई दोन्ही बाजू एकटीच सांभाळायची. या खेपेला नाकाला नळी होती, आणि दोन ओळींपुरता दम नव्हता.

“मी सुरुवात करते. तू मागनं बोल,” ती म्हणाली.

“आई, मी हे मानत नाही. तुला माहितेय.”

“मान कोण सांगते गो? नुसता बोल.”

“‘आमच्यावर’ म्हणेन. ‘अखिल जगावर’ नाही. ज्यांनी हा कचरा आपल्या दारात आणून टाकला तेही जगातच आले ना? त्यांच्यासाठी मी दया मागू?”

“मग ऱ्हव दे. हा काय तुझा पत्रक नाय, नको ती ओळ खोडाला.”

आणि तिने एकटीनेच सुरू केलं. आपली ओळ म्हणायची, माझ्या ओळीइतकं थांबायचं, मग पुढचा मणी. मी टेबलाशी पेन हातात धरून बसले होते. एक शब्द लिहिला गेला नाही.

ईस्टरला शेजारची आंटी मार्झिपानचं गोड अंडं घेऊन आली. तीनचा गजर झाला तशी तिने पदर सावरला. “मी बोलते ना तुझ्यासंगती.”

“नको,” आई म्हणाली. “ती जागा हिची हाय.”

आंटीने माझ्याकडे पाहिलं, ते मला आजही सहन होत नाही.

नोव्हेनाचा प्रत्येक दिवस कुणा ना कुणासाठी असतो. चौथा दिवस देवाला न मानणाऱ्यांचा. “आज तुझा वाढदिवस,” आई हसत म्हणाली, आणि त्या हसण्यापायी किती तरी वेळ खोकत राहिली. मी चपला घातल्या, पत्रकांचा गठ्ठा उचलला आणि बाहेर पडले. कुणी मला दयेला पात्र ठरवावं, हे मला चालणार नव्हतं. तीन वाजता मी स्टेशनबाहेर लोकांच्या हातात पत्रकं देत उभी होते.

बुधवारी तिच्या ओळीतलं फक्त ‘त्याच्या’ ऐकू येत होतं. मी पलंगाच्या कडेला बसले होते. तोंडातून निघून गेलं, “आमच्यावर.” आईने मान वळवली. मण्यावरचं बोट तसंच राहिलं. ती थांबली, नेहमीपेक्षा खूप जास्त थांबली. उरलेले शब्द माझ्या जिभेवर होते. मी ते गिळले. मग तिने मणी पुढे सरकवला.

गुरुवारी पहाटे ती गेली.

त्या दुपारी शवपेटी घरातच होती. गजर वाजला तशा आलेल्या बायका एका सुरात प्रार्थना म्हणू लागल्या. मी स्वयंपाकघरात उभी राहून चहाचे कप धूत राहिले. संध्याकाळी चर्चच्या आवारात दफन झालं.

शुक्रवारी घरात कुणी नव्हतं. तीनला गजर वाजला. तो बंद करायला तिचा मोबाइल उचलला, तर खाली उशीशी रोझरी होती. आठवा दिवस शुद्धिस्थानातल्या आत्म्यांसाठी, म्हणजे मेलेल्यांसाठी असतो, हे मला पुस्तकात बघावं लागलं नाही.

मी तिच्या जागी बसले नाही. पलंगाच्या कडेला, माझ्याच जागी बसले. पहिली ओळ तिची, ती मी म्हटली नाही. तिला ती म्हणायला शेवटी शेवटी जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ प्रत्येक मण्यावर थांबले आणि मग उत्तर दिलं, सगळं. ‘अखिल जगावर’ म्हणताना दर वेळी दात आवळले जात होते. मी कुणालाही माफ केलेलं नाही. पुढचं पत्रक छापायला गेलं आहे, त्यातला एक शब्दही मी मऊ केलेला नाही.

तिसऱ्या दहा मण्यांवर असताना वारा फिरला आणि वास आत आला. खिडकी लावायला उठले असते तर हातातला मणी सुटला असता. बसून राहिले.